एडनची खुशाली

तारेवरच्या कावळ्यानं दाक्षायणीच्या परडीतल्या बेलावर घाण टाकली. तिनं परडी उकिरड्यावर पालथी केली, पुन्हा अंघोळ केली आणि लिंगपूजेला बसली. पूजेआधी पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा रोजचा नेम.

पण तिला खरी किळस कावळ्याची नव्हती.

तिचा नवरा चन्नवीर हौशी वायरलेसवाला. एडन बंदरातल्या अशाच एका हौशी माणसाशी तो टकटक करत बोले. शेजारच्या गोजरबाईचा एकुलता एक मुलगा महिपती तिथंच गोदीत होता. त्याची खुशाली ऐकायला ती दर सोमवारी यायची, पदराखाली कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन.

श्रावण सरता सरता चन्नवीरनं गच्चीवरची तार फिरवली. दक्षिणोत्तर होती, ती पूर्व-पश्चिम केली.

"टोक एडनकडं केलंत होय?" दाक्षायणीनं विचारलं.

"वेडी का काय? तार टोकाकडचं ऐकत नाही, कुशीकडचं ऐकते. लाहोर बघ आता कसं खणखणीत येतंय. एडन गेलं."

"आणि महिपतीची खुशाली?"

"बरा आहे म्हणायला एडन कशाला लागतं? म्हातारी खूष, आपल्याला चटणी." त्यानं बोटं चाटली.

त्या दिवसापासून ती चटणी तिच्या घशाखाली उतरेना. त्याच्या ओठांवरचं तेल दिसलं की ती तोंड फिरवायची.

दसरा झाला. सोमवारी गोजरबाई आली. चन्नवीरनं कानांवर हेडफोन चढवले, डोळे मिटले, मान डोलावली.

"बरा आहे महिपती. नवा कोट शिवलाय म्हणे."

"व्हय? कंच्या रंगाचा?"

"निळा."

"निळा लई खुलतो त्याला," म्हातारी हसली आणि फडकं सोडायला लागली.

आज सांगायचंच, असं दाक्षायणीनं सकाळी पूजेतच ठरवलं होतं. ती दारापर्यंत गोजरबाईच्या मागं गेली.

"गोजरबाई, रागावू नका. ती तार एडनचं ऐकतच नाही. दीड महिना हे मनचंच सांगतायत. थुंकावंसं वाटतं मला."

गोजरबाईनं रिकाम्या फडक्याची घडी घातली.

"ठावं हाय, अक्का. गौरीत कंपनीचं पत्र आलं. वाचून दावलं त्या मास्तरास्नी शपथ घातली, कुणाला बोलू नगा म्हून. बंदरातच बुडाला त्यो."

दाक्षायणीनं पुढं होऊन तिचा हात धरला.

"मालकास्नी काय बोलू नगा," पायरी उतरता उतरता गोजरबाई म्हणाली. "सोमवारी येनार हाय मी."