टेंडरची शिडी

कापड सरसरत खाली आलं, टाळ्या पडल्या आणि सुनेची नजर आधी मागच्या बाजूला गेली. शिडी उजवीकडे होती.

बाकी सगळं देखणं होतं. वर्कशॉपच्या आवारातलं वाफेचं इंजिन तसं धडधाकटच होतं. त्याच्या मागचं टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा डबा, मात्र केव्हाच भंगारात गेलं होतं. मूळ आराखडे वाळवीने खाल्ले. वाळवीच्या आधी त्यांच्यापर्यंत पोचले होते ते एकटे सासरे. त्यांनी त्यावरून बनवलेलं बोटभर लांबीचं मॉडेल तेवढं शिल्लक होतं. वर्कशॉपने त्यावरून खरं टेंडर पुन्हा उभं केलं होतं. लेकराकडे बघून बाप घडवावा, तसं.

सासऱ्यांच्या काटेकोरपणाची मॉडेलवाल्यांच्या मंडळात दहशत होती. "इंजिन काय, सगळेच नीट करतात. माणूस कळतो तो टेंडरवरून," असं म्हणत ते खिशातून मापाचा कॅलिपर काढायचे आणि समोरच्याच्या तोंडचं पाणी पळायचं. मुठीएवढा खरा कोळसा मॉडेलात खसखशीएवढाच दिसला पाहिजे. एकाने टेंडरला पाणी भरायचं झाकण जरा मोठं केलं, तर यांनी विचारलं, "आत पोहायला उतरणार आहात का?" सख्ख्या मुलाने एकदा रिव्हेटची एक ओळ कमी लावली, तेव्हा तीन दिवस घरात अबोला होता.

म्हणून तर सून काही बोलली नव्हती. आठ महिन्यांपूर्वी मॉडेल खोक्यात कापसावर निजवून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते वर्कशॉपला जायचं होतं. दूध गॅसवरून उतरवेपर्यंत दीड वर्षांच्या लेकीने खोक्यात हात घातला आणि टेंडरच्या मागची शिडी उपटली. तिने आधी लेकीच्या तोंडात बोट फिरवलं. मग शिडीच्या पायऱ्या मोजल्या. सहाच्या सहा भरल्या तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. ती शिडी कुठल्या बाजूची हा प्रश्न त्यानंतर आला. तिने जुने फोटो धुंडाळले. पण इंजिनाचा फोटो जो तो समोरून काढतो, टेंडरच्या पाठीकडे कोण बघतो? शेवटी देवाचं नाव घेऊन तिने ती उजवीकडे चिकटवली, खोक्याला सुतळी बांधली आणि त्या दिवशी जरा जास्तच प्रेमाने सासऱ्यांना चहा दिला. पुढे त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे वर्कशॉपला जाणं राहिलं ते राहिलंच.

आज ते काठी टेकत टेंडरभोवती फिरत होते. कोळशाच्या कडेवरून हात फिरवला, मान डोलावली. चाकांमधलं अंतर पावलांनी मोजलं, पुन्हा डोलावली. मागे गेले आणि थांबले.

"फोरमनसाहेब, शिडी डावीकडे हवी."

"तुमच्या मॉडेलबरहुकूम आहे, साहेब. केसाचा फरक नाही." फोरमनने शेजारच्या टेबलावरचं मॉडेल उचलून त्यांच्या हातात दिलं.

सासऱ्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि मॉडेल डोळ्यांपाशी नेलं. उलटसुलट फिरवून पाहिलं. मागे मंडळाच्या सभासदांचे चेहरे एकेक करून उजळत गेले. पंधरा वर्षं ही माणसं या क्षणाची वाट बघत होती.

"काय अप्पा," झाकणवाल्याने संधी साधली, "आता कुठून चढायचं म्हणता?"

सगळे हसले. सासरे हसले नाहीत. त्यांनी मॉडेल हळूच टेबलावर ठेवलं. "चूक माझीच. माझा हात आणि डोळे दोन्ही गेलेले दिसतात. टेंडरशेजारच्या पाटीवरचं माझं नाव काढून टाका. आणि घरचं मॉडेलांचं कपाट मंडळाने घेऊन जावं. आता मी यात हात घालणार नाही."

त्यांचा आवाज एवढा बारीक तिने कधी ऐकला नव्हता, ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा नाही. तीन दिवसांचा अबोला परवडला असता. तिने कडेवरच्या लेकीला घट्ट धरलं आणि सगळ्यांदेखत पुढे झाली.

"बाबा, तुमची चूक नाही. हिने शिडी उपटली होती. मी चिकटवली. अंदाजाने. तुम्हाला घाबरून सांगितलं नाही."

मग पहिल्या रांगेतल्या खुर्चीतून खुसखुस ऐकू आली. पंच्याऐंशीच्या पुढचा एक म्हातारा तोंडावर हात धरून हसत होता. या इंजिनावर कोळसा मारलेला तो एकटाच फायरमन उरला होता. वर्कशॉपने त्याला मुद्दाम बोलावून आणलं होतं.

"उजवीकडेच होती की हो!" तो म्हणाला. "कागदावर असेल डावीकडे. पण आमच्या शेडमध्ये पाण्याचा नळ उजवीकडे. रोज वर चढा आणि ओल्या कोळशावरून पलीकडे जा. एकदा असा घसरलो की पुढचे दोन दात तिथेच राहिले. तेव्हा मिस्त्रीने शिडी काढून उजवीकडे ठोकली. कागदावर कोण लिहितंय? मी मघापासून विचार करतोय, यांना हे सांगितलं कुणी?"

आता मंडळाचे सभासद आपापल्या बुटांकडे बघायला लागले. फोरमनने न विचारताच पाटी फडक्याने पुसून लख्ख केली.

सासऱ्यांनी टेंडरकडे पाहिलं, मॉडेलकडे पाहिलं, मग नातीच्या गुबगुबीत बोटांकडे. चष्मा पुन्हा नाकावर आला आणि आवाजही जागेवर आला.

"सूनबाई," ते म्हणाले, "मला विचारून चिकटवली असतीस, तर चुकली असती."