चपला हातात घेऊन

"ते गाणं माझ्यावर नाही," ती म्हणाली. "लोकांना तसं सांगणं बंद कर."

तो गिटार सुरात लावत होता. खुंटी पिळता पिळता त्याचा हात थांबला.

बायको सोडून गेली त्याच महिन्यात त्याने ते गाणं केलं होतं. त्याआधी तो हॉटेलात वाजवायचा, जेवणाऱ्यांच्या गप्पांना साथ केल्यासारखं. या एका गाण्याने त्याचं नाव झालं. एवढ्या कोवळ्या पोराच्या ब्लूज गाण्यांमध्ये हे दुःख आलं कुठून, असं जाणकार विचारायचे. तो म्हणायचा, बायको गेली ना.

आज ती पहिल्यांदाच ऐकायला आली होती. तेही तालमीला. संध्याकाळच्या कार्यक्रमाला ती थांबणार नव्हती.

"चष्म्याच्या दुकानात काम करते मी. काच बसवून होईपर्यंत गिऱ्हाइकं माझ्याकडे टक लावून बघतात. नवऱ्याला झोपेत टाकून गेलेली ती हीच, म्हणून."

"गेलीस तर खरी."

"गेले. भर दुपारी, चांगली कडकडून भांडून. आणि माझी बॅग स्टँडवर तूच आणून दिलीस. वर खिडकीची जागाही धरून दिलीस."

हे खरं होतं. त्याला बॅगेचा तुटका पट्टासुद्धा आठवला.

"गाण्यात थोडं इकडचं तिकडे होतंच," तो पुटपुटला.

"'चपला हातात घेऊन जिना उतरलीस तू.' कुठला जिना? आपण तळमजल्यावर राहत होतो."

ती ओळ त्याने जुळवलीच नव्हती. ती आयती तोंडात आली होती. गाताना त्याला पायऱ्या दिसायच्या. लाल फरशीच्या, कठड्याच्या गजांमधून, वरून. तो जिना कुणाच्या घरचा, हे त्याने स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

ती गेल्यावर त्याने बाबांना फोन लावला. तो लहान असताना आई दवाखान्यात वारली होती. बाबा आणि आत्या, दोघांनी मिळून त्याला वाढवलं होतं.

"बाबा, आपण कधी वरच्या मजल्यावर राहायचो का?"

"तू अगदी लहान होतास तेव्हा. तुझी आई गेल्यावर ते घर सोडलं. का रे?"

"तिथला जिना आई चपला हातात घेऊन उतरली होती का?"

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"ती दवाखान्यात वारली नाही," बाबा म्हणाले. "पहाटे उठून निघून गेली. परत आलीच नाही. पोराला काय सांगायचं, म्हणून तुझ्या आत्याने ते दवाखान्याचं काढलं."

मग त्यांचा आवाज आणखी खाली गेला.

"तू झोपला होतास, असंच आम्ही आजवर धरून चाललो होतो."