आठवा कैदी

दार काही केल्या फुटेना.

“अरे, किल्ल्या कुठायत?” मासेवाली पेरीन ओरडली.

“मिरवणुकीत,” सुतार बार्नाबे कुऱ्हाड टेकवून घाम पुसत म्हणाला.

बास्तीलचा तुरुंग पडल्या पडल्या आमच्या सेंत-आंत्वान वस्तीतल्या शूरवीरांनी पहिलं काम काय केलं असेल, तर किल्ल्यांचे जुडगे भाल्यांना अडकवले आणि नाचवत गावभर मिरवायला नेले. कैद्यांची आठवण झाली तोवर किल्ल्या पार नदीपर्यंत पोचल्या होत्या.

“आणि अक्कल? तीही पाठवलीत का रे त्यांच्याबरोबर, मेल्यांनो?”

खरं सांगायचं तर कैदी सोडवायला कुणी आलंच नव्हतं. सगळे आले होते बंदुकीची दारू न्यायला. आता या दिवसाचा देशभर सण होतो, रस्त्यारस्त्यांत नाच होतात, भाषणं ठोकली जातात. पण मूळ विचाराल तर ते एवढंच. दारूची पिंपं हाताला लागली, मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की एवढा तुरुंग फोडलाय, तर चार कैदीही सोडवून टाकू. आठही बुरूज पालथे घातले. निघाले सात.

“सातच?” पेरीनचं तोंड उतरलं. “एवढ्या मोठ्या धुडात सात माणसं? लोकांना काय सांगायचं? नीट बघा रे, कुठेतरी असतील!”

म्हणून तर या दाराआडून खोकल्याचा आवाज आला, तेव्हा सगळ्यांना स्वर्ग दोन बोटं उरला.

आत होता इलेर. कैदी कसला, बावीस वर्षं तिथेच मुरलेला पहारेकरी. किल्लेदाराला लोकांनी फरफटत नेलेलं त्याने वरून पाहिलं होतं. आपलं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्याने अंगरखा आणि बूट खंदकात भिरकावले, चुलीतली काजळी तोंडाला फासली, एका रिकाम्या कोठडीत शिरला आणि दार ओढून घेतलं. कुलूप आपोआप बसलं. किल्ली बाहेर राहिली, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

अखेर दार कोसळलं. कोपऱ्यात अनवाणी, काळाठिक्कर माणूस थरथरत बसलेला. भीती तर अस्सल होती.

“किती वर्षं झाली हो बाबा इथे?” बार्नाबेने हळूच विचारलं.

“बावीस,” इलेर म्हणाला. खोटं बोलायची वेळच आली नाही.

पेरीनने त्याला छातीशी धरून गळा काढला. मग त्याची ढेरी चाचपून म्हणाली, “अगं बाई! अंगावर सूज किती आलीय बिचाऱ्याच्या!”

खांद्यावर घेऊन त्याला अंगणात आणलं. तिथे आधी सुटलेले मस्यू लेस्ताँ एका पिंपावर बसले होते. सख्ख्या भावाने राजाच्या सहीचा हुकूम आणून त्यांना आत टाकलं होतं, तेही बावीस वर्षांपूर्वी. त्यांच्या बायकोची पत्रं यायची. इलेर ती आधी स्वतः वाचायचा, खिडकीशी उभा राहून मोठ्याने हसायचा आणि त्यांच्यादेखत शेकोटीत टाकायचा. ती गेल्याचं पत्रही त्याने तसंच जाळलं. फक्त तेव्हा हसला नव्हता.

लेस्ताँनी मान वर केली. दोघांची नजरानजर झाली.

“मस्यू, हे तुमच्या ओळखीचे?” बार्नाबेने विचारलं. कुऱ्हाड अजून त्याच्या हातातच होती.

लेस्ताँनी एकदा त्या कुऱ्हाडीकडे पाहिलं, एकदा इलेरच्या काजळी फासलेल्या तोंडाकडे. मग ते उठले आणि त्यांनी इलेरच्या खांद्यावर हात ठेवला.

“न ओळखून कसं चालेल? बावीस वर्षांचा सोबती आहे माझा. फार सोसलंय हो त्याने. त्यातच डोकं फिरलं. स्वतःला इथला पहारेकरी समजतो.”

अंगणातली माणसं हमसून रडली. इलेरला तर लेस्ताँचे पाय धरावेसे वाटले. देवमाणूस, तो मनाशी म्हणाला. त्या संध्याकाळी त्याची वरात निघाली, बायकांनी मुके घेतले, प्रत्येक गुत्त्यात त्याला फुकट वाइन मिळाली. “मी इथला पहारेकरी!” असं तो मधूनच डोळे फिरवून म्हणायचा आणि लोक चुकचुकत आणखी एक पेला भरायचे. सोंग चांगलंच वठलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घोडागाडी आली. बरोबर लेस्ताँ, बार्नाबे, पेरीन आणि निरोप द्यायला अर्धी वस्ती. इलेर ऐटीत हात हलवत बसला. गाडी शहराबाहेर एका उंच भिंतीपाशी थांबली. फाटकावरची पाटी वाचून त्याचा हात हवेतच राहिला.

“वेड्यांचं इस्पितळ?”

“अशा माणसाला रस्त्यावर कसं सोडायचं?” लेस्ताँ मायेने म्हणाले. “मीच शहराच्या नव्या समितीला विनंती केली. तुझी आबाळ व्हायला नको.”

“मी वेडा नाही! अहो, ऐका ना! मी खरंच पहारेकरी आहे! बास्तीलचा! या माणसाची पत्रं मी जाळलीत, याच हातांनी! विचारा त्याला!”

काल हेच शब्द मनापासून निघाले असते, तर त्याचे तिथल्या तिथे तुकडे झाले असते. आज पेरीनने एप्रनच्या टोकाने डोळे पुसले.

“पाहिलंत?” लेस्ताँ म्हणाले. “आता तर पत्रांचंही डोक्यात घेतलंय.”

वस्तीतल्या चौघांनी इलेरला अलगद उचलून आत नेऊन ठेवलं. बार्नाबेने त्याची उशी नीट केली, कपाळावरून हात फिरवला, म्हणाला, “घाबरू नका हं बाबा, तुम्ही आता स्वतंत्र आहात,” आणि बाहेर येऊन दाराला कडी घातली.