हाक

माझ्या चार वर्षांच्या बहिणीला, लाडकीला, खास बालवाडीत घ्यायला 'ऐकू येत नाही' असा शेरा हवा होता. डहाणूच्या तपासणी शिबिरातल्या साहेबांनी तिच्या मागे वाकून हाक मारली. लाडकी झटकन वळली आणि तिने नाक दाबलं.

"येतं की ऐकू! चला, पुढचा!"

आईचा चेहरा उजळला. मी पुढे झाले.

"साहेब, ती तुमच्या गुटख्याच्या वासाने वळली. चूळ भरा आणि लांबून हाक मारा."

"गप गं बाय!" आई पुटपुटली.

साहेब कोपऱ्यात पचकन थुंकले, चूळ भरून आले आणि दारातूनच ओरडले, "लाडकी!"

शिपाई वळला, बाहेरचा रिक्षावाला वळला. लाडकी आईकडे बघत होती. आई एकदम का रडायला लागली, तेच तिला कळेना.