अर्ध्यावर ठेवलेला ग्लास

खारबावला कुणालच्या हळदीचा मांडव भरलेला, आणि बाळारामनं पहिलाच ग्लास अर्ध्यावर खाली ठेवला.

बस्स, बैठकच हादरली. ज्या माणसानं जन्मात ग्लासाच्या तळाला थेंब ठेवला नाही, ज्याला दर हळदीला चौघं उचलून घरी नेतात, तो अर्ध्यावर थांबला म्हणजे काय समजायचं?

"माल नकली हाय!" बैठकीतला मनोज ओरडला. पटापट ग्लास खाली आले. एकानं तर तोंडातला घोट मांडवाबाहेर जाऊन थुंकला.

नवरदेवाचा बाप सावळाराम धावत आला. बाळारामच्या बायकोचा, हौसाचा, हा सख्खा भाऊ. चेहरा हळदीपेक्षा पिवळा.

"दाजी, सीलबंद खोकी आणलीत! पावण्यांत इज्जत जाईल माझी. येवढा संपवा, नि सांगा सगळ्यांना."

बाळाराम ग्लासाकडे बघत बसला. आता कसं सांगायचं? धामणकर नाक्यावरच्या डॉक्टरनं दारू आटोक्यात ठेवायची गोळी लावलीय. पिण्याआधी तासभर घ्यायची. मग कधीमधी थोडी घेता येते, पण जुनी मजा चढत नाही, दुसऱ्या ग्लासाला हात वळवळत नाही. आजची गोळी निघताना हौसानंच हातावर ठेवली होती. हे बोललो तर पोरं जन्मभर 'गोळीवाला' म्हणून बोंबलतील. आणि संपवला तर? गोळी गोळीचं काम करेल हो. पण कुणी 'संपवा' म्हटलं की संपवणारा जुना बाळाराम अजून आत बसलाच होता, पाय पसरून.

"काय दाजी, घाबरता काय?" मनोजनं डिवचलं.

बाळारामचा हात ग्लासाकडे गेला.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून हौसा आली. हळदीनं माखलेल्या हातानं तिनं ग्लास उचलला आणि डोळे मिटून एका दमात रिकामा केला. जी खोकल्याचं औषधसुद्धा नाक दाबून घेते, ती हौसा!

बेंजोवाल्याचाही हात थांबला.

हौसानं पदरानं तोंड पुसलं. "माल बराबर हाय," ती भावाला म्हणाली. "प्या आता, काय प्यायचं ते."

एकच हशा उठला. ग्लास पुन्हा हातात गेले, बेंजो सुरू झाला.

हौसा नवऱ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी, नाक लालबुंद. "शी! ह्या कडूजहरासाठी येवढी वरसं माझ्या उरावर सवत बसवलीत व्हय?"

बाळारामनं ताटातल्या तळलेल्या बोंबलाचा तुकडा मोडला आणि अख्ख्या मांडवासमोर तिच्या तोंडात घातला.

"आवो आतोबा," पाटावरून कुणाल ओरडला, "लगीन माझं हाय! घास तुमी भरवताव?"

हौसा लाजली नाही की हसली नाही. सावकाश चावत राहिली.

"आजून एक द्या," ती म्हणाली.