बिडकरांचं माप

"अहो, कानावरची गादीसुद्धा अजून पहिलीच आहे!" असं ओरडत मी तो हेडफोन सगळ्यांच्या आधी डोक्यावर चढवला.

'निनाद' कंपनीच्या जुन्या हेडफोनवर जीव टाकणारे सांगलीत आम्ही आठजण. दर महिन्याला माझ्या दुकानाच्या माळ्यावर जमायचं आणि कुठल्या सेटवर तबला जास्त घुमतो, यावर भांडायचं. मार्चमध्ये बिडकर गेले, सात उरलो. परवा बिडकरवहिनी त्यांचा हेडफोनचा सेट घेऊन आल्या. "ह्यांच्या मित्रांनी एकदा ऐकावा, असं वाटलं," म्हणाल्या.

सेट टेपला जोडला आणि हातोहात फिरला. कुणाचं डोकं मोठं, कुणाचं लहान. जो तो वरची पट्टी दोन-चार खाचा वर-खाली सरकवून आपल्या मापाची करायचा, डोळे मिटायचा, मान डोलवायचा. "एकोणनव्वद सालचा माल आहे," एक म्हणाला. "असा खर्ज आता मिळायचा नाही," दुसरा म्हणाला. वहिनी कौतुकानं ऐकत होत्या.

शेवटी सेट त्यांच्या हातात परत गेला. त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं.

"ही सरकवलीत का हो? ह्यांच्या डोक्याच्या मापावर होती. पुसतानासुद्धा मी हलू दिली नव्हती." मग हळूच विचारलं, "कितव्या खाचेवर होती, कुणी बघितलं का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पहिला मीच होतो.

मी गादी बघितली होती.