साक्षीदाराची फुली

क्वेबेकमधल्या नदीकाठच्या चर्चमध्ये ब्लांदिन माहेरची वंशावळ शोधायला आली होती. दफनाच्या वहीत बायकांची नोंद माहेरच्याच नावाने होते, त्यामुळे आज्या-पणज्या पटापट सापडल्या.

वह्या सांभाळणारा म्हातारा ओनेझिम समोर बसला होता. "तुम्हीच वाचा, बाई. माझे डोळे गेले आता," तो सकाळीच म्हणाला होता. खिडकीबाहेर बर्फातला पांढरा ससा मात्र आधी त्यालाच दिसला.

१७४१ साली घराण्यातलं पहिलं दफन. साक्षीदार मिन्यो ऊर्फ लाब्रेश. लिहिता येत नव्हतं, म्हणून सहीच्या जागी फुली. फुलीचा एक पाय गळाच्या आकड्यासारखा वळलेला.

१७९८ च्या दफनाला तोच मिन्यो ऊर्फ लाब्रेश. १८६० लाही. गेल्या साली वडील गेले, तेव्हाही.

"ऊर्फसकट नाव बापाकडून पोराकडे जातं. त्यात काय एवढं?" ओनेझिम म्हणाला.

"नाव जातं हो. पण फुलीही तश्शीच? कोणीतरी वह्यांत मागाहून ढवळाढवळ केलीय."

"कोण करणार? किल्ली तर माझ्याकडे असते."

तेच तर तिला खटकत होतं. "वडिलांच्या नोंदीची नक्कल द्या," ती म्हणाली, "आणि खाली तुमची सही करा. बघू द्या मला."

नक्कल काढायचं सोडून त्याने यंदाची दफनाची वही उघडली. कोऱ्या पानाच्या तळाशी त्याने टाक टेकवला.

"माहेरचंच नाव घालायचं ना?" असं म्हणत त्याने फुलीचा एक पाय सावकाश आकड्यासारखा वळवला.